चाळीस मिनिटांचा शब्द

पुणे
१२ जून १९९१

मामा,

तुम्हाला नमस्कार. मामीलाही, पण तिला वेगळा.

तुमच्या कारखान्याचं काम आमच्या कंपनीला मिळालं. हे तुम्हाला आधीच कळलं असेल. वसाहतीत बातमी भोंग्याच्या आधी पोहोचते, असं तुम्हीच म्हणायचा. साहेबांनी विचारलं, परभणी जिल्ह्यातलं कुणी आहे का इथे. मी हात वर केला. शाळेत करायचे तसा.

काम असं. तुमच्या गेटवर एक कॉम्प्युटर, वजनकाट्यावर एक, ऑफिसात एक. तिघांमध्ये टेलिफोनची एकच तार. उसाची गाडी गेटवर आली की गेटचं मशीन ऑफिसच्या मशीनला विचारणार, हा ऊस आज तोडायचा होता का. ऑफिस आपली यादी बघून हो म्हणणार. मग गाडीला नंबर. काट्यावर पुन्हा तसंच. प्रत्येकाने दुसऱ्याच्या उत्तरासाठी थांबायचं.

यातलं अजून काहीच नाही. मशीन खोक्यात आहेत. प्रोग्रामची एक ओळ लिहिलेली नाही. तरी साहेब विचारतात, हे चालेल तेव्हा एका गाडीला किती वेळ लागेल? आधी सांग, मग लिही. मागे एका कामात सगळं लिहून, नेऊन बसवल्यावर कळलं की एका उत्तराला दहा मिनिटं लागतात. तेव्हा हातात काही उरलं नव्हतं. भिंत बांधल्यावर सरकत नाही, असं ते म्हणतात.

म्हणून मी सध्या नसलेल्या गोष्टीचा वेग मोजते. दुपारी टेबलावर ऊन येतं आणि कागदावर गाड्या चालायला लागतात. त्यांचा आवाज येत नाही. बैलांना सावली पडत नाही.

तुमच्याकडून एकच हवं. गेल्या हंगामातल्या पंधरा दिवसांचं गेटचं रजिस्टर. कोणती गाडी किती वाजता आली, एवढंच.

सारजा


कारखाना वसाहत, जि. परभणी
२५ जून १९९१

चि. सारजा, सुखी अस.

पत्र मामीने दोनदा वाचायला लावलं. तिचा वेगळा नमस्कार कुठे लिहिला आहे ते ती अजून शोधते आहे.

गेट सध्या बंद. यार्डात गुडघ्याएवढं गवत. मी रोज दहा वाजता खुर्ची टाकून बसतो. बिनहंगामात माझं काम तेवढंच. दुपारी डोळा लागला की गाड्या येतात. घुंगरं वाजतात, ओल्या उसाचा वास येतो. डोळे उघडले की गवत. तुझ्या कागदावरच्या गाड्या आणि या गाड्या बहुतेक एकाच गावच्या असाव्यात.

रजिस्टर चांगल्या अक्षरात उतरवून पाठवतो आहे. पंधरा दिवस, एक्केचाळीस पानं. निजामाच्या काळातल्या आमच्या उर्दू शाळेतले मास्तर सांगायचे, कागद असा द्यावा की घेणाऱ्याला पुन्हा विचारावं लागू नये. तसा दिला आहे.

आता माझं एक मागणं. मागच्या मार्चमध्ये रामकिशन मुकादमाची टोळी यार्डात पाच तास उभी होती. रामकिशन डोंगरपट्ट्यातला. वीस गाड्या घेऊन दरवर्षी ऊस तोडायला येतो. त्याची सून कडूबाई. त्या दिवशी नवरा तापाने पाचटाच्या कोपीत पडलेला, म्हणून गाडी तिनेच हाकलेली. तान्हं पोर उसावर ठेवलेलं. यार्डात सावली नाही. रांग कधी सरकेल ते सांगता येत नाही, म्हणून बैलांचं जू काढता येत नाही आणि बैल सोडून जाताही येत नाही. तिने पोर उतरवलं तेव्हा त्याचे डोळे वर गेले होते. वाचलं. पण ती माझ्यापुढे येऊन म्हणाली, "नंबर तुमीच देता न्हवं? मंग सांगा की, अजून किती?"

मला सांगता आलं नाही. बारा हंगाम नंबर देतो आहे.

तुझं मशीन तेवढं सांगेल का?

सूर्यभान मामा


पुणे
१८ ऑगस्ट १९९१

मामा,

इतकं देखणं रजिस्टर मी पाहिलेलं नाही. चार मिनिटांनी एक गाडी, कधी तीन, कधी पाच. पागोळी गळावी तशा. मी दीड महिना या पानांजवळ राहिले. बसमध्ये सुद्धा मला चार चार मिनिटं ऐकू यायची.

हिशेब सोपा आहे. येणारी गाडी चार मिनिटांनी येते. उत्तराची वाट बघणं धरून काटा तिला तीन मिनिटांत मोकळी करतो. मधे एक मिनिट उरतं. त्या एका मिनिटावर सगळं यार्ड श्वास घेतं. तुमच्या वेळा फार नीट आहेत, म्हणून सावधगिरीने मी त्या थोड्या विस्कटून धरल्या. तरी शंभरातल्या सत्त्याण्णव गाड्या चाळीस मिनिटांच्या आत सुटतात.

साहेबांनी आकडा बघून मान हलवली. ते सहसा हलवत नाहीत.

अजून किती, हे मशीन सांगणार नाही. तसं काही ठरलेलं नाही. पण चाळीसच मिनिटं लागणार असतील, तर कडूबाईला विचारायची वेळच येणार नाही. मी रोज काम संपवताना तिला बघते. पोर उसावर, आणि रांग हलते आहे.

सारजा


कारखाना वसाहत
३० ऑगस्ट १९९१

चि. सारजा,

तुझं पत्र खिशात घालून मी गंगाखेडच्या बाजाराला गेलो. रामकिशन बैलांच्या ओळीत भेटला. एका खोंडाचे दात बघत होता. मी म्हणालो, "यंदा चाळीस मिनिटांत गाडी मोकळी."

तो म्हणाला, "कोण म्हणतंय?"

"माझी भाची. पुण्याला असते. मशीन बसवायली आपल्याकडं."

"तोंडी का लेखी?"

मी पत्र काढलं. त्याला वाचता येत नाही, पण आकडे कळतात. त्याने चाळिसावर बोट ठेवलं आणि बराच वेळ ठेवलंच. खोंडाच्या मालकाला वाटलं आम्ही भाव ठरवायलोत. तो म्हणाला, "चाळिसाला देत न्हाई."

रामकिशन म्हणाला, "सून यंदा न्हाई म्हणायलीय. पोरगं आता रांगायलंय. म्हणती, मरंन पर त्या यार्डात पाय ठेवणार न्हाई. ती न्हाई तर नवरा न्हाई. सूर्यभानराव, तुमी शब्द द्या, मी तिला आणतो."

मी दिला. सारजा, बारा वर्षांत पहिल्यांदा मला कुणाला काही सांगता आलं. घरी येताना एसटीच्या खिडकीतून नदी दिसली. पाणी भरून होतं आणि तरी मला त्यातून गाड्या उतरताना दिसत होत्या.

मामा


पुणे
१० सप्टेंबर १९९१

मामा, हे काय केलंत.

तो अंदाज होता. मी कागदावरून सांगितलं. तुम्ही ते माणसाला दिलंत. अंदाज चुकला तर मी कागद फाडते. तुम्ही काय फाडणार?

आता एक करा. ज्याची एक ओळ लिहिलेली नाही ते यंत्र यार्डात माणसांचं उभं करा. तुम्ही गेट. मामीला काट्यावर बसवा. ऑफिस म्हणून कुणाला तरी यादी घेऊन लांब बसवा. आणखी एक माणूस तार. गाड्यांऐवजी चिंचोके. रजिस्टरातल्या वेळेला एक चिंचोका तुमच्यापुढे ठेवायचा. तुम्ही चिठ्ठी लिहायची, तारेने ती ऑफिसकडे न्यायची, उत्तर आणायचं. मग चिंचोका मामीकडे. तिनेही चिठ्ठी पाठवायची. एक नियम मोडू नका. तार एका वेळी एकच चिठ्ठी नेते, आणि जी आधी आली ती आधी.

चारच तास करा. मग मला सांगा.

सारजा


कारखाना वसाहत
२६ सप्टेंबर १९९१

चि. सारजा,

पत्राला उशीर झाला. विद्यापीठाच्या नामांतरावरून बंद होता. तीन दिवस एसटी आली नाही, टपाल गंगाखेडलाच पडून होतं.

तू सांगितलंस तसं केलं. गवत कापून घेतलं. पंडित क्लार्क ऑफिस झाला, कडुलिंबाखाली यादी घेऊन बसला. मुंजाजी शिपाई तार. मामी काट्यावर, मांडीवर सूप घेऊन. आकाश भरून आलेलं, पाऊस नाही. चौघं माणसं रिकाम्या यार्डात बसलेली, कुणी कुणाशी बोलत नाही, फक्त मुंजाजी चिठ्ठी घेऊन जातो आणि येतो. थोड्या वेळाने मला चिंचोके दिसेनासे झाले. गाड्याच दिसायला लागल्या. वरून, घारीला दिसाव्यात तशा.

सगळं जमलं. एकही चिंचोका चाळीस मिनिटं थांबला नाही. तुझा आकडा खरा आहे.

मामीने मधे एकदा खेळ मोडला. मी एकेक चिंचोका ठेवत होतो, तर तिने मूठभर उचलून एकदम माझ्यापुढे ओतले आणि हसायला लागली. मुंजाजी चिठ्ठ्या नेता नेता घामाघूम झाला. म्हणाला, "बाई, तार तुटली," आणि खालीच बसला. ते आम्ही धरलं नाही. पहिल्यापासून मांडून पुरं केलं.

मामा


पुणे
५ ऑक्टोबर १९९१

मामी,

हे पत्र तुझं. वेगळा नमस्कार हा.

तू मूठभर चिंचोके का टाकलेस? तू हसलीस असं मामा लिहितात. तू उगाच हसत नाहीस.

मामांना विचारू नको. तूच सांग.

सारजा


कारखाना वसाहत
१४ ऑक्टोबर १९९१

सारजे,

बालवाडीच्या कमलबाईकडून लिहून घेतेय. तुझे मामा डुटीवर गेलेत.

अगं, गाड्या कदी एकेक येतात का? तुला ठाव न्हाई होय? तू लहानपणी कदी नदीवर आलीच न्हाईस, पाण्याला भ्यायचीस.

अर्ध्याच्या वर ऊस नदीपल्याड. दिवाळीनंतर पाणी उतरलं की गाड्या वाळूतनं येतात. अलीकडं चढ हाय, लय खडा. एका बैलजोडीनं भरली गाडी चढत न्हाई. मंग काय करतात, पयल्या गाडीला दुसऱ्या गाडीची जोडी बी जुपतात, चार बैलं वढतात. वर गेली की जोडी माघारी आणायची, दुसरी गाडी काढायची. अशा वीसच्या वीस. शेवटची वर आल्याबिगर कुणी हलत न्हाई. हलला तर त्याला पुन्यांदा कोण जोडी देतंय? वर आल्या की मंग समद्या संगट गेटवर. एक धूळ उठती बघ, आमाला वसाहतीतनं दिसती. ज्या टोळ्या अलीकडच्या त्यांचं बी तेच, त्यांना वढ्याचा चढ.

तुझे मामा एकेक चिंचोका ठेवायलेले, मला हसू आलं. म्हणलं ह्यो कोणता कारखाना काढला ह्यांनी, सपनातला. म्हणून मूठ टाकली.

त्यांना रागवू नको. त्यांचं बी कायतरी हाय त्याच्यात. तेच सांगतील.

नदीवर मातर बरं असतंय. जू सोडलेलं, बैलं पाण्यात, बाया लुगडी धुतात, पोरं जांभळीखाली. वर आलं की मंग हाल.

कमलबाई म्हणती हात दुखला. बस करते.

मामी
(पत्र लिहिणार : कमलबाई. सारजाताई, मलाही नमस्कार सांगा कधी.)


पुणे
१९ ऑक्टोबर १९९१

मामा,

मामीने नदीच्या चढाबद्दल सांगितलं. वीस गाड्या एकदम येतात. तुमच्या एक्केचाळीस पानांत एकही वेळ दोनदा लिहिलेली नाही.

मी रागावलेली नाही. मला फक्त खरं काय ते हवं.

सारजा


कारखाना वसाहत
२८ ऑक्टोबर १९९१

चि. सारजा,

हे पत्र तीनदा लिहिलं.

पहिल्या हंगामात मी जे दिसलं ते लिहिलं. एक टोळी आली, वीस गाड्या, आठ वाजून दहा मिनिटं. वीस ओळींत एकच वेळ. तेव्हा यार्डावर दिनकरराव सुपरवायझर होते. त्यांनी सगळ्यांसमोर रजिस्टर उंच धरलं. "सूर्यभान, गाड्या आल्या का पाखरं?" गाडीवान हसले, हमाल हसले. मीही हसलो.

दुसऱ्या दिवसापासून मी वेळ वाटून द्यायला लागलो. पहिलीला आठ दहा, दुसरीला आठ चौदा, तिसरीला आठ अठरा. पंगतीत पत्रावळी मांडाव्यात तशा. कुणाचा नंबर मागेपुढे केला नाही. कुणाचं काही खाल्लं नाही. पान नीट दिसायचं. पुढे हाताला तीच सवय लागली. तुझ्यासाठी उतरवताना तर जी थोडी वाकडी राहिली होती तीही सरळ केली. तुला चांगला कागद द्यावा म्हणून.

चिंचोक्यांच्या दिवशी मामीने मूठ टाकली तेव्हाच मला समजलं होतं. तरी तुला आकडा खरा आहे असंच लिहिलं. चाळीस मिनिटं मोडवेनात.

आता खरा आकडा सांग.

मामा


पुणे
९ नोव्हेंबर १९९१

मामा,

खरा आकडा असा. सरासरी दोन तास. वाईट दिवशी चार, पाच.

गाड्या तेवढ्याच, काटा तोच, दिवस तेवढाच मोठा. चार मिनिटांची सरासरीही खरी आहे. फक्त त्या मुठीने येतात. मी पागोळी मोजत होते आणि तिकडे घागर उपडी होत होती.

आणि माझ्या यंत्रात एक दोष होता, तो मुंजाजीने दाखवला. वीस गाड्या एकदम आल्या की गेटच्या वीस चिठ्ठ्या तारेवर जातात. काट्याची एक चिठ्ठी त्यांच्या मागे उभी राहते. काट्यावर गाडी चढलेली, वजन झालेलं, आणि उत्तर येत नाही म्हणून काटा रिकामा. म्हणजे मशीन आल्यावर कडूबाई आजच्यापेक्षा जास्त थांबली असती.

हे मी साहेबांना सांगितलं. दोन दिवस ते माझे कागद बघत होते. मग म्हणाले, भिंत अजून बांधलेली नाही ना?

त्या रविवारी दुपारी मला झोप लागली. मी नदीच्या वाळूत उभी होते. मला पाण्याची भीती वाटत नव्हती. तुम्ही जांभळीखाली खुर्ची टाकून बसला होता आणि नंबर देत होता. एवढंच. जागी झाले आणि कागद घेतला.

मामा, गेट नदीवर नेऊ. तुमचं पंपहाऊस तिथेच आहे, त्याला कारखान्याची तार आधीच गेलेली आहे. नंबर तिथे द्यायचा. गाडीला नाही, टोळीला. वीस गाड्यांची एक चिठ्ठी. ओढ्याकडच्या टोळ्यांनी एक माणूस पुढे पाठवून तिथूनच नंबर घ्यायचा. आणि तारेवर काट्याची चिठ्ठी नेहमी पुढे. असं केलं की एक गाडी दोन मिनिटांत सुटते. टोळीच्या वीस गाड्या चाळीस मिनिटांत. चाळीस हा आकडा खोटा नव्हता, पण तो टोळीचा होता, गाडीचा नव्हता. पुढे एक टोळी असेल तर आणखी चाळीस. दोन असतील तर आणखी. थांबणं जात नाही. पण किती, ते नदीवरच सांगता येतं, चढायच्या आधी. मशीन सांगेल. मी ते लिहिणार आहे.

हाही अंदाजच. यावेळी मूठ धरून काढलेला.

तुमचा शब्द मात्र परत घ्यावा लागेल. तुम्हालाच जावं लागेल.

सारजा


कारखाना वसाहत
२१ नोव्हेंबर १९९१

चि. सारजा,

गेलो. एसटी डोंगराच्या पायथ्यापर्यंत, पुढे दोन कोस पायी. ज्वारी हाताएवढी आली आहे. कुठेकुठे शेतात एकटंच माणूस उभं असतं, हलत नाही. बुजगावणं असेल म्हणून जवळ गेलो तर माणूस निघायचं. माणूस म्हणून हाक मारली तर बुजगावणं.

रामकिशन ओट्यावर बसला होता. गाड्यांना वंगण लावून झालेलं. मी उभ्यानेच सांगितलं, चाळीस मिनिटं नाहीत.

तो म्हणाला, "लेखी होतं ते."

"लेखी चुकलं. माझ्यामुळं चुकलं." आणि रजिस्टरचं सगळं सांगितलं. पाखरांचंसुद्धा.

तो हसला नाही. आत हाक मारली. कडूबाई पोर काखेला घेऊन चौकटीत आली. पोराच्या कमरेला घुंगरू आहे.

ती म्हणाली, "मंग किती?"

"एक तास. दोन. एखाद्या दिवशी तीन."

"यार्डात?"

"न्हाई. नदीवर. जू सोडून, जांभळीखाली. किती थांबायचं ते पयलंच सांगू. वेळ झाली की चढायचं."

"कोण सांगणार?"

"मी."

"तुमी मागं बी सांगितलंवतं."

तिने पोराच्या तोंडावरची माशी हाकलली आणि आत गेली. रामकिशनने पाणी दिलं, चहा दिला. येते का न येते हे कुणी बोललं नाही. निघताना रामकिशन वेशीपर्यंत आला. म्हणाला, "सूर्यभानराव, येवढं चालत खोटं सांगायला कुणी येत न्हाई." मग परत फिरता फिरता, "खरं सांगायला बी येत न्हाई म्हणा."

तुझी माणसं मशीन घेऊन आली आहेत. पंपहाऊसला चुना दिला. मामीने मशीनला हळदकुंकू लावलं, तुझा माणूस नको नको म्हणत असताना.

मामा


कारखाना वसाहत
२९ डिसेंबर १९९१

चि. सारजा,

काल नदीचा रस्ता सुरू झाला.

मी सकाळीच पंपहाऊसवर जाऊन बसलो. धुकं होतं. पलीकडचा काठ दिसत नव्हता. पंपाचा आवाज पाण्यावरून जाऊन परत येत होता. मशीनच्या पडद्यावर हिरवा ठिपका लुकलुकायचा. तेवढंच जागं होतं.

घुंगरं आधी ऐकू आली. गाड्या नंतर. धुक्यात बैलांची शिंगं तेवढी वर, गाड्या तरंगत आल्यासारख्या. डोळा लागला की काय असं वाटलं, म्हणून खुर्चीचा हात धरला. दोन टोळ्या पल्याडच्या, ओळखीच्या. त्यांना नंबर दिले. एक लगेच चढली. दुसरीला थांबायचं सांगितलं.

रामकिशनची टोळी बारा वाजून दहा मिनिटांनी आली. एकोणीस गाड्या मोजल्या. विसावी दिसेना. मी पडद्याकडे बघत बसलो. मग वाळूच्या वळणावरून ती आली. नवरा बैलांच्या पुढे चालत होता, कडूबाई गाडीवर पुढे बसलेली, पोर मांडीवर.

मी टोळीची एक चिठ्ठी मशीनवर टाइप करून पाठवली. उत्तर किती वेळात आलं ते तुझ्यासाठी मोजलं. अकरा सेकंद. पुढे दोन टोळ्या होत्या, एक काट्यावर आणि एक चढावर. मशीनने सांगितलं, तुमची पहिली गाडी काट्यावर दीड वाजता. मी बाहेर येऊन मोठ्याने सांगितलं. "दीड वाजता काटा. एक वाजेपर्यंत जू सोडा."

कुणी हललं नाही. कुणाला खरं वाटेना. वीस जोड्या जुवाखाली उभ्या, आणि सगळे कडूबाईकडे बघायलेले. ती गाडीवरून उतरली. बैलांपुढे गेली. जू तिने स्वतः सोडलं.

मग सगळ्यांनी सोडलं. बैल पाण्यात गेले. जांभळीला झोळी बांधली, पोर तिच्यात झोपलं. घुंगरू थोडा वेळ वाजलं आणि थांबलं. बायांनी दगडावर लुगडी धुतली, एकीने भाकरी थापल्या. कुणी चढाकडे बघत नव्हतं. मी बारा वर्षं रांग बघितली, पण थांबलेली माणसं अशी कधी बघितली नव्हती. ती थांबलेली दिसत नव्हती.

एक वाजता मी हाक मारली. पहिली गाडी चार बैलांनी चढली. काट्यावर ती एक वाजून पन्नास मिनिटांनी लागली. तुझा आकडा वीस मिनिटांनी चुकला. रामकिशनला ते सांगितलं तर तो म्हणाला, "सोयरे बी येवढ्या वेळेवर येत न्हाईत."

कडूबाईची गाडी शेवटची. पोर झोळीतच झोपलेलं होतं, झोळी आता गाडीच्या साटीच्या फळ्यांखाली बांधलेली. सावलीत.

मशीनमध्ये वेळ आपोआप पडते. पण मी जुनं रजिस्टरही ठेवलं आहे. संध्याकाळी वसाहतीत येऊन ते लिहायला बसलो. रामकिशनच्या वीस गाड्या. वीस ओळींत एकच वेळ लिहिली, बारा दहा. मामीने मागून वाकून बघितलं.

पान बघायला बरं दिसत नाही. पण तसंच ठेवलं आहे.

मामा